तलावाखालची बांधी

धरणाची नोटीस आली भैयालालच्या नावानं, आणि बुडणारी जमीन कसत होता त्याचा महापरसाद. एवढी साधी गोष्ट तलाठ्याला समजावून सांगण्यात भैयालालची अर्धी सकाळ गेली. तलाठी नवा होता, वऱ्हाडातून बदलून आलेला, आणि न समजण्याचा त्याला चांगला सराव होता.

"सातबारा कोणाचा?"

"माहा."

"मग जमीन तुमची."

"नाही ना बाप्पा. कसते तो."

"तो कोण?"

"महापरसाद."

"हे आडनाव आहे का?"

चावडीत बसलेले चार जण हसले. शेवटी कोतवालानं तलाठ्याच्या कानाशी लागून सांगितलं, की काका नाव घेणार नाहीत, चाळीस वर्षांत घेतलेलं नाही. तो माणूस म्हणजे खालच्या वस्तीवरचा, टोलीवरचा, लक्ष्मीचंद कटरे. तलाठ्यानं नाव लिहून घेतलं, त्याच्याकडे पाहिलं आणि खोडलं. ते लिहायला त्याच्या कागदात जागाच नव्हती.

गावातला कोणी जगन्नाथपुरीला जाऊन आला की तिथला वाळवलेला भात घेऊन येतो. त्या भाताचा दाणा दोघांनी पंचांसमोर एकमेकांच्या तोंडात घातला की ते जन्माचे महापरसाद. जात वेगळी असली तरी चालते, उलट वेगळी असली तर जास्त शोभते. भैयालाल कोहळी, लक्ष्मीचंद पोवार. त्यानंतर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, एकमेकांच्या घरच्या मरणात डोकं भादरायचं, आणि आपसात लिखापढी करायची नाही. पहिले दोन नियम सगळेच पाळतात, कारण त्यांना खर्च येत नाही. तिसरा पाळणारे क्वचित निघतात. हे दोघं निघाले.

गोष्ट जुनी. एका सालच्या पुरात गावच्या तलावाची पाळ फुटली आणि पाळीखालच्या लक्ष्मीचंदच्या दोन एकर धानाच्या बांध्यांवर कमरेइतकी रेती येऊन बसली. पोवार माणूस नांगराला घाबरत नाही, पण दोन एकर रेती पाहून त्याचाही जीव बसतो. लक्ष्मीचंद आठवडाभर पाळीवर नुसता बसून होता. भैयालालची दोन एकर होती खाली नाल्याकाठी, लक्ष्मीचंदच्या टोलीला लागून, स्वच्छ, पण स्वतःच्या घरापासून दूर. आणि तलाव बांधण्यात पिढ्या गेलेल्या कोहळ्याला फुटलेली पाळ, बुजलेली बांधी दिसली की त्याचे हात शिवशिवतात. त्यात पुण्य काही नाही, पिढीजात खोड आहे.

"माही तू घे, तुही मले दे," भैयालाल म्हणाला.

"रेती घेऊन करशील काय?"

"काढीन."

"येडा झाला काय गा?"

"येडा होतो म्हनून तं तुहा महापरसाद झालो."

झाला व्यवहार, तोंडीच. दोन उन्हाळे भैयालाल आणि त्याची बायको गंगा गाडीनं रेती काढत होते. रांगता वीरेंद्र मोहाच्या झाडाखाली लुगड्याच्या झोळीत. तिकडे नाला पौषातच आटायचा, म्हणून लक्ष्मीचंदनं नव्या बांधीत विहीर खणायला घेतली. पाणी लागलं, पण खडक फोडताना उडालेल्या दगडानं त्याच्या डाव्या पायाचा अंगठा घेतला. म्हणजे असं, की एकाच्या कागदावर दुसऱ्याचा घाम, आणि दुसऱ्याच्या कागदावर पहिल्याचा. कागदाला कोणी हे सांगायला गेलं नाही, आणि कागदानंही तीस वर्षांत कोणाला विचारलं नाही.

आता विचारलं. गावाखाली नाल्यावर धरण होणार होतं. बोदलकशाच्या तलावाएवढं पाणी थांबेल असं कोणी म्हणे, कोणी त्याच्या दुप्पट म्हणे. ज्याची जमीन जात नव्हती तो पाणी वाढवून सांगे. गाव राहणार होतं, तलाव राहणार होता, तलावाखालच्या बांध्या राहणार होत्या. जाणार होती ती नाल्याकाठची जमीन, विहिरीसकट.

भैयालालला माणसांचे हिशेब मनातल्या मनात मांडायची सवय होती. कोणी लग्नात किती आंदण दिलं, कोण कोणाच्या मयतीला उशिरा आला, सगळं त्याच्याकडे जमा-नावे असे. त्यानं हाही हिशेब मांडला. बोलीनं चाललं, तर बुडाली ती लक्ष्मीचंदची, मोबदला त्याचा, आणि तलावाखालची बांधी भैयालालची, जशी होती तशी. कागदानं चाललं, तर बुडाली भैयालालची. पैसा त्याला, आणि तलावाखालची बांधी मूळ मालकाला परत. म्हणजे जी जमीन त्यानं टोपल्यांनी उपसून काढली, जिच्या प्रत्येक धुऱ्याला, बांधाला, त्यानं हातानं चिखल लावला, जिच्यात तो सकाळी उठून काही काम नसलं तरी एक चक्कर मारून येई, ती जाणार. तिच्याशिवाय त्याला दुसरी शेती नव्हती.

आणि या हिशेबात त्याला एक गोष्ट बोचत होती. खरं बोलण्यातच त्याचा फायदा होता. आजवर पाहिलेल्या माणसांत, ज्याचं खरं आणि फायदा एका बाजूला असतो, तो फार जोरात खरं बोलतो.

गंगाला त्यानं सांगितलं, "मी सायबाले जे हाये ते सांगून टाकीन."

गंगा चुलीपुढं होती. तिनं मान वळवली नाही. "सांगा ना. पन आधी ठरवा, महापरसादासाठी बोलून राहिले का बांधीसाठी."

"एकच तं हाये."

"हो. तुमाले एकच दिसन."

पोरांनी मात्र काहीच ठरवायचं बाकी ठेवलं नव्हतं. वीरेंद्र बी.ए. होऊन आठ वर्षं भरतीचे अर्ज भरत होता आणि गोरेगावच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसत होता. लक्ष्मीचंदचा खुमेंद्र मोटरसायकलवरून धानाची दलाली करी. दोघं गुरुवारच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसले, आणि जे बापांना महिनाभर बोलता आलं नाही ते दोन कट चहात मिटवून उठले. वीरेंद्रनं ते घरी येऊन सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजात फार दिवसांनी थोडी धार होती.

"बाबूजी, मामला एकदम साफ हाये. कागदानं चालू द्या. पैसा आपला, अन् प्रकल्पग्रस्ताचा दाखला मह्या नावानं. सरकारी भरतीत वेगळ्या जागा रायतेत."

"अन् बांधी?"

"ते त्यायची. खुमेंद्रले मंजूर हाये."

"त्याले काऊन नाही मंजूर राहीन? मी रेती काढली, अन् आता तिच्या बाजूनं डांबरी रोड गेला."

"गोंदियाचा एक जन राइस मिलसाठी पाहून गेला म्हनते," वीरेंद्र म्हणाला आणि मग आपण हे सांगायला नको होतं असा चेहरा त्यानं केला.

ज्या बांधीत धान पिकलं त्याच बांधीत धान भरडायची गिरणी, ही सोय सरळच होती.

"मले एकतीस लागलं, बाबूजी," वीरेंद्र हळू म्हणाला. "झेरॉक्स काढून राहिलो लोकाच्या दाखल्यायचे."

गंगा ताट वाढत होती. तिनं पोराच्या ताटात भात जरा जास्त टाकला, आणि भैयालालनं ते बरोबर टिपलं. घरातलं एक मत गेलं.

राहिला लक्ष्मीचंद. त्याचं मत काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. नोटीस येईपर्यंत दोघं म्हातारे रोज तिसऱ्या प्रहरी तलावाच्या पाळीवर बसत. बोलणं फारसं नसेच. एकानं तंबाखू मळायची, दुसऱ्यानं चुना पुरवायचा. नोटीस आल्यापासून लक्ष्मीचंदला एकदा ताप आला, एकदा पाहुणे आले, एकदा नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला जायचं निघालं. भैयालालच्याही घरी नेमकी तीच वेळ कामाची होऊ लागली. प्रत्येकाला वाटे, दुसऱ्यानं आधी तोंड उघडावं. भैयालालला ऐकायचं होतं, 'तलावाखालची तुहीच हाये.' लक्ष्मीचंदला काय ऐकायचं होतं कोणास ठाऊक. बहुतेक 'पैसा तुहा हाये.' पण महापरसादाला 'माझं मला दे' म्हणणं म्हणजे तीस वर्षं संशय मनात होता असं कबूल करणं. तेव्हा दोघंही मोठ्या मनानं गप्प बसले, आणि मोठेपणाच्या त्या दिवसांत दोघांचीही झोप उडाली.

बायकांना असली अडचण नव्हती. लक्ष्मीचंदची तुलसा हातपंपावर गंगाला भेटली.

"काय वो, तुमचे बोलत नाहीत काय?"

"तुमचे बोलतेत काय?"

"भिताडाशी बोलतेत. रात्री उठून पायाले हात लावतेत, त्या अंगठ्याच्या जागी."

"आमचे धुरे मोजतेत," गंगा म्हणाली. दोघींनी आपापले पाण्याचे गुंड भरले आणि निघाल्या. एवढं त्यांचं बोलणं, पण त्यात बाप्यांच्या महिनाभराच्या न बोलण्यापेक्षा जास्त होतं.

पौष सरता सरता मोजणीचा दिवस आला. नाल्याकाठी जीपमधून माणसं उतरली: मोजणीवाले दोघं, तलाठी, आणि भूसंपादनच्या मॅडम. मॅडम चाळिशीच्या, पायात बूट, डोक्यावर ओढणी घट्ट. हे त्यांचं या महिन्यातलं कितवं गाव होतं ते त्यांनाही आठवत नसावं. कोणी नुकत्याच खोचलेल्या आंब्याच्या कलमांना बाग म्हणे, कोणी चार कुडांना घर म्हणे. मॅडम ऐकून घेत, कलम बोटानं हलवून पाहत, आणि काही न बोलता पुढं जात. रागवायचंसुद्धा त्यांनी सोडून दिलं होतं. भैयालालला त्या आवडल्या. थकलेलं माणूस सहसा उगीच खोटं लिहीत नाही, असा त्याचा अनुभव होता.

विहिरीपाशी गर्दी जमली. वीरेंद्र होता, खुमेंद्र होता, टोलीवरचे पाचपन्नास होते. लक्ष्मीचंद थोडा लांब, बोरीच्या झाडापाशी, हातात काठी, अंगात धुतलेला सदरा. त्यानं भैयालालकडे पाहिलं नाही.

"गट तुमच्या नावावर. बरोबर?" मॅडमनी भैयालालला विचारलं.

"बरोबर."

"ही बांधलेली विहीर. नोंद नाही. हिचं मूल्यांकन वेगळं होतं, म्हणून विचारते. कोणी खणली?"

"आमीच खनली, मॅडम," वीरेंद्र म्हणाला.

"काकानंच खनली," खुमेंद्र त्याच्या पाठोपाठ म्हणाला. "लिहा तुम्ही, कोई दिक्कत नहीं."

"मी यांना विचारलं." मॅडमनी पेन भैयालालकडे रोखलं. "काका, तुम्ही सांगा. आणि एक आधीच सांगून ठेवते. जमिनीवर कोणा दुसऱ्याचा हक्क आहे असं निघालं, वाद लागला, तर मोबदला कोर्टात जमा होतो. कोर्ट ठरवेल तेव्हा मिळेल. किती वर्षं, ते मी सांगू शकत नाही. दाखलाही तोवर अडतो. तरी जे खरं असेल ते सांगा."

त्या 'तरी'साठी भैयालालला त्यांना नमस्कार करावासा वाटला. रात्रभर त्यानं वाक्य जुळवलं होतं. वीरेंद्रकडे पाहायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं आणि नेमकं पाहिलं. पोरगा नुसता उभा होता, झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं राहतो तसा.

"मॅडम, हे इहीर..." भैयालालनं सुरुवात केली.

"त्यायचीच हाये."

बोरीपासून आवाज आला. लक्ष्मीचंद काठी टेकत पुढं आला, डावा पाय नेहमीसारखा किंचित बाहेर टाकत.

"तुम्ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"लक्ष्मीचंद कटरे."

"तुमचा या जमिनीशी संबंध?"

"मी मजुरीवर होतो."

टोलीवरच्या सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. कटऱ्यांच्या घरात चार पिढ्यांत कोणी दुसऱ्याच्या बांधीत मजुरीनं उतरलं नव्हतं. त्यांच्या घरचे सालदारच कधी तीन होते. खुमेंद्र दुसरीकडे पाहू लागला. कागदानं चालावं हे त्यालाच हवं होतं, पण बाप भर गावात असा मजूर होईल हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

"मजुरीवर," मॅडम म्हणाल्या. त्यांची नजर त्याच्या सदऱ्यावर गेली, मग चपलेतल्या पायावर. "विहीर यांनी खणली?"

"त्यायनं खनली. मी दगड वाहत होतो."

"तुमचा काही दावा नाही? पिकाचा, झाडांचा? विचार करून सांगा."

"काहीच नाही. लिवा."

मॅडमनी लिहून घेतलं. मग त्यांनी भैयालालला विचारलं, "हे म्हणतात ते खरं?"

आता भैयालालपुढं एकच वाट होती. खरं बोलायचं, तर महापरसादाला सरकारापुढं खोटं पाडायचं. खोट्याला खोटं म्हणायचं, तर त्यानं ज्या गोष्टीसाठी आपली इज्जत काढून ठेवली ती गोष्टच लाथाडायची. दोन शब्दांत या माणसानं त्याला पुरता बांधून टाकलं होतं.

"म्हनते तं असंन," भैयालाल म्हणाला.

"असेल नाही चालत, काका."

"हो. खरं हाये."

त्यानं सही केली. लक्ष्मीचंदनं साक्षीदार म्हणून केली. तलाठ्यानं दोन्ही सह्या पाहिल्या, आणि या वेळी त्याला सगळं समजलं. निदान मान तरी त्यानं तशी हलवली.

त्या दिवसापासून भैयालालचा हिशेब जुळेना. लक्ष्मीचंदनं त्याला विहीर दिली, पैसा दिला, पोराच्या नोकरीची आशा दिली, आणि वर स्वतःला मजूर म्हणवून घेतलं. एवढं कोणी सख्ख्या भावासाठी करत नाही. पण त्याच एका वाक्यानं लक्ष्मीचंदला डांबरी रोडची दोन एकरही आली, निर्वेध. हे मन मोठं म्हणायचं की डोकं? भैयालाल एक दिवस एक म्हणे, दुसऱ्या दिवशी दुसरं. चाळीस वर्षांच्या माणसाबद्दल असला विचार येतो याचीच त्याला लाज वाटे, आणि लाज वाटून झाली की विचार पुन्हा येई.

तलावात यंदा पाणी होतं, म्हणून त्यानं उन्हाळी धानाचे परे, म्हणजे रोपं, आधीच टाकून ठेवले होते. माघात ते रोवणीला आले. आता ही बांधी रोवायची की नाही? गंगाला विचारलं तर ती म्हणाली, "परे काय सातबारा पाहून वाढलेत? रोवून टाका. कापनीले जो मालक राहीन तो राहीन." तिनं गावातल्या आठ बाया सांगून ठेवल्या, आणि सकाळी चिखलणीला भैयालाल स्वतः बैलांमागं उतरला.

उन्ह वर आलं तेव्हा पाळीवरून लक्ष्मीचंद येताना दिसला. या बांधीकडे तो तीस वर्षांत क्वचित फिरकला होता. ज्याची त्याला दिली, तिकडे पाहायचं कशाला, असा त्याचा बाणा. आज तो धुऱ्यावर येऊन बसला, काठी आडवी ठेवून. भैयालालनं बैल थांबवले नाहीत. एक फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्याला तो त्याच्याजवळ आल्यावर थांबला.

"ताप उतरला काय?" भैयालालनं विचारलं.

"कोनता ताप?"

"नोटीस आली तवाचा."

लक्ष्मीचंद हसला. मग हसणं ओसरलं. "तू बोलनार होतास ना मॅडमपाशी?"

"होतो."

"म्हनून तं मी आधी बोललो."

"काऊन?"

"कोर्टात कायले जायाचं या वयात? तू सत्तरीले आला, मी त्याच्या पुढं गेलो. तारीख लागन तं नातवायले जावं लागन."

"तेवढ्यासाठी मजूर झालास?"

"नाही. खुमेंद्रनं गळ्याची आन घातली होती." लक्ष्मीचंदनं धुऱ्यावरचं गवत उपटलं. "अन् वीरेंद्रकडे पायलं तं वाटलं, पोरगं बुढा होऊन राहिलं दुकानात. अन् हे बांधीही यायाची तं येऊ दे, असंही वाटलं. तुले खोटं कायले सांगू?"

"मंग मह्यासाठी बोललास का तुह्यासाठी?"

"आता निवडत बसू काय? मिसळलं ते मिसळलं."

भैयालालला हे उत्तर नीट आवडलं नाही, पण महिनाभर त्याच्या डोक्यात जी गिरणी चालू होती ती थांबली. त्यानं कासरा खांद्यावर टाकला. पलीकडच्या बांधीत बाया वाकून रोवत होत्या, आणि त्यातली एक दुसरीला काहीतरी सांगून हसत होती. बहुतेक या दोघांबद्दलच.

"आयक," लक्ष्मीचंद म्हणाला. "सातबारा राहीन मह्या नावानं. पन तू हायेस तवरी कस. मी कोनाले हात लावू देत नाही. माही जबान हाये."

जबान खरी होती, यात भैयालालला शंका नव्हती. तिला किंमत किती, हा प्रश्न होता. लक्ष्मीचंद बहात्तरचा. त्याचा श्वास पाळ चढताना लागत होता, आत्ताही लागला होता. त्याच्यानंतर खुमेंद्र येणार, मोटरसायकल धुऱ्याला लावून. 'काका, बाबूजी बोलले असतील, पण...' असं म्हणणार, आणि तेही अदबीनं. त्या 'पण'ला उत्तर द्यायला भैयालालकडे कागद नसेल. तो मागितला, आज, इथं, तर लक्ष्मीचंद देईलही. उठून गोरेगावला जाऊन स्टॅम्प पेपर आणील. मग दोघं महापरसाद राहणार नाहीत, घेणारा आणि देणारा होतील.

"नोको," भैयालाल म्हणाला.

"काय नोको?"

"जबान नोको. हे उन्हाळी निघू दे. कापनी झाली का बांधी तुही."

"मी मांगितली काय?"

"तू मांगनार नाहीस. म्हनून तं देऊन राहिलो. खुमेंद्रनं मांगितल्यावर देन्यापेक्षा बरं हाये."

"अन् तू काय खाशील?"

"पैसा हाये ना, तुह्या इहिरीचा." भैयालालनं हे थट्टेत म्हटलं, पण तोंडातून निघाल्यावर ते थट्टेसारखं ऐकू आलं नाही. त्यानं लगेच जोडलं, "वीरेंद्र म्हनते, गोरेगावले खोली पाहू. मी म्हनलं, तुले नोकरी लागू दे आधी."

"लागन."

"लागन तवा लागन. दाखल्यावालेही काही कमी नाहीत म्हनते. धरन का एकच हाये काय?"

भैयालालला वाटलं, आता हा 'नाही' म्हणेल, भांडेल, काठी आपटेल. तीस वर्षांपूर्वी आपटली असती. लक्ष्मीचंदनं डाव्या पायाची चप्पल काढली, पाय पुसला, पुन्हा घातली.

"मंग मिलवाल्याले जेठापर्यंत थांब म्हनतो," तो म्हणाला.

म्हणजे मिलवाल्याशी बोलणं झालेलंही होतं. भैयालालनं तेही टिपलं, पण कोणत्या बाजूला लिहावं ते त्याला सुचलं नाही, आणि त्यानं ते सोडून दिलं. एवढं सगळं लिहून ठेवायला आता कोणाला वेळ होता?

"थांब म्हन," तो म्हणाला. "वैशाखाच्या शेवटी निघून जाईन धान. तुह्या घरी दोन पोते पाठवीन, बीज चांगलं हाये."

"पाठवजो."

"ओ पाटील!" पलीकडून गंगा ओरडली. कोणाला ते दोघांनाही कळलं नाही, दोघांनीही वर पाहिलं. "चिखल बसून राहिला इकडं. बाया हात बांधून उभ्या राहू काय?"

भैयालालनं बैलांना हाक दिली. लक्ष्मीचंद उठला, पण गेला नाही. पऱ्यांच्या पेंढ्या धुऱ्यावर पडल्या होत्या, त्यातल्या दोन त्यानं उचलल्या, आणि काठी टेकत, सावकाश, बायांच्या दिशेनं नेऊन द्यायला निघाला. पाय घसरेल म्हणून भैयालाल एकदा ओरडणार होता. मग तो चिखलणीकडे वळला. अजून अर्धी बांधी बाकी होती, आणि उन्ह डोक्यावर आलं होतं.